मशीन नंतर घ्या, आधी कापड ओळखा

भिलाईतल्या मरोद्याहून तुम्हा सगळ्यांचं स्वागत. तुम्ही नागपूरला असा, पुण्यात असा, बेळगावात, इंदुरात नाहीतर बडोद्यात. आजचा विषय सगळ्यांच्या घरातला आहे. आपण स्वतः काढलेलं चित्र किंवा नक्षी घरच्या घरी कापडावर, मगवर, लाकडावर कशी छापायची, ते आज बघू.

हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठलं मशीन घेऊ?" माझं म्हणणं असं, की हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, छापायचं कशावर? दुसरा, त्या वस्तूवर कुठला रंग धरतो? या दोन्हींची उत्तरं मिळाली की मशीन आपोआप ठरतं, आणि बऱ्याच वेळा मशीनची गरजच नाही असंही कळतं.

समजा, एखाद्या ताईंनी साठवलेल्या पैशांतून सब्लिमेशनचा प्रिंटर आणि हीट प्रेस घेतला. गल्लीतल्या गणेश मंडळाची पंचवीस टी-शर्टांची ऑर्डर आली. मंडळाला सुती टी-शर्ट हवे होते, म्हणून सुतीच आणले. छापताना रंग थोडा फिका वाटला, पण चालून गेला. पहिल्या धुण्यात बाप्पा निम्मे गेले, दुसऱ्या धुण्यात उरलेले. मशीन चांगलं, शाई चांगली, ताईंचा हातही चांगला. फक्त जोडी चुकली. पैसे तर परत द्यावे लागतातच, पण पहिल्याच ऑर्डरीत गेलेला विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

रंग धरतो म्हणजे काय होतं?

कापूस म्हणजे सेल्युलोज, झाडाचा तंतू. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकचा तंतू. रेशीम आणि लोकर म्हणजे प्रथिनं, आपल्या केसांसारखी. तिन्ही दिसायला कापडच, पण आतून तीन वेगळ्या जाती. प्रत्येकीशी नातं जोडणारा रंग वेगळा.

सब्लिमेशनची शाई कापरासारखी असते. कापूर वितळून पाणी न होता थेट हवेत उडतो, तशी ही शाई साधारण १९० ते २०० अंश सेल्सियसला वायू होते. त्याच उष्णतेत पॉलिस्टरचा तंतू सैल पडतो, वायू आत शिरतो, आणि गार झाल्यावर तंतू घट्ट होऊन रंग आत कोंडला जातो. म्हणून पॉलिस्टरवरची अशी छपाई हाताला लागत नाही आणि धुऊनही जात नाही. कापसाच्या तंतूत या रंगाला अशी जागाच मिळत नाही. तो वरवर बसतो आणि साबणाबरोबर निघून जातो.

कापड ओळखण्याची घरगुती परीक्षा

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी परीक्षा घ्या. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवा, मग ज्योत लावा. लहान मुलं जवळ नकोत.

कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली, तर सुती. रेयॉनही असाच जळतो, पण तोही सेल्युलोजच असल्यामुळे आपल्या कामाला फरक पडत नाही. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला कडक मणी झाला, तर पॉलिस्टर किंवा दुसरा कृत्रिम धागा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरडणारी काळी गोळी उरली, तर रेशीम किंवा लोकर. राखही पडली आणि कडक मणीही झाला, तर मिश्र कापड. मिश्र कापडावर सब्लिमेशन केलं तर रंग पॉलिस्टरच्या धाग्यावर राहतो आणि सुती धाग्यावरून जातो. छपाई जुनाट, फिकट दिसते. काहींना ती आवडते, पण गिऱ्हाइकाला आधी सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट. नव्या सुती कापडाला खळ असते. ती गरम पाण्यात साबणानं धुऊन काढा. खळीवर छापलं तर रंग खळीला धरतो, आणि खळ गेली की रंगही जातो. शिवाय कापड जेवढं आटायचं तेवढं आधीच आटून घेतं.

सुती कापडासाठी: स्क्रीन

माझ्या मते घरातून सुरुवात करायला स्क्रीन प्रिंटिंगसारखी दुसरी पद्धत नाही. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीतून छापण्याचं पेटंट घेतलं. आज रेशमाऐवजी पॉलिस्टरची जाळी असते, बाकी तत्त्व तेच. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, नको तिथली छिद्रं बुजवलेली, हवी तिथली उघडी. रबरी पट्टीनं, म्हणजे स्क्विजीनं रंग ओढला की उघड्या भागातून तो कापडावर उतरतो.

कापडासाठी सेंटीमीटरला ४३ धाग्यांची जाळी बरी पडते. बारीक रेघांना ७७ धाग्यांची घ्या. छिद्रं बुजवायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे कागद किंवा प्लास्टिकची शीट कापून जाळीखाली लावणं. दहा-बारा पिशव्यांना तेवढं पुरतं. जास्त नग हवे असतील तर फोटो इमल्शन वापरा. ते जाळीला लावून अंधारात वाळवायचं, त्यावर गडद काळ्या रंगात काढलेली फिल्म आणि काच ठेवून प्रकाश द्यायचा. प्रकाश पडला तिथलं इमल्शन घट्ट होतं, काळ्या रेघांखालचं मऊ राहतं आणि पाण्यानं धुऊन निघतं. किती वेळ प्रकाश द्यायचा हे दिव्यावर अवलंबून असतं, म्हणून आधी छोट्या तुकड्यावर वेगवेगळ्या वेळा देऊन बघा. डायक्रोमेट मिसळायचं इमल्शन स्वस्त असतं, पण ते विषारी आहे. घरात त्याऐवजी डायझोचं किंवा तयार मिळणारं घ्या, हातमोजे घाला, आणि धुणं-भांड्यांच्या जागी हे काम करू नका.

छापताना जाळी कापडापासून एक-दोन मिलिमीटर वर राहू द्या, म्हणजे पट्टी पुढे सरकली की जाळी मागून सुटते आणि कडा स्वच्छ येतात. सुती कापडाला पाण्यात मिसळणारा पिगमेंट रंग आणि त्याचा बाइंडर वापरा. पिगमेंट तंतूत शिरत नाही. बाइंडर त्याला तंतूला चिकटवून ठेवतो. हा बाइंडर उष्णतेनं पक्का होतो. म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर वर सुती फडकं ठेवून, वाफ बंद करून, इस्त्री कॉटनच्या खुणेवर घेऊन प्रत्येक भागावर तीन ते पाच मिनिटं फिरवा. ही पायरी गाळली की पहिल्या धुण्यातच रंग उतरायला लागतो.

दोन रंग हवे तर दोन स्क्रीन लागतात, चार रंगांना चार. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवदेवतांच्या चित्रांतही प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. म्हणून पहिली नक्षी एका रंगाची ठेवा. एका रंगातली ठसठशीत रांगोळी चार रंगांच्या हललेल्या चित्रापेक्षा चांगली दिसते.

हवामानाचंही बघा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा रंग जाळीतच वाळून छिद्रं बंद होतात. अशा दिवसांत पहाटे काम करा, पंखा बंद ठेवा, आणि दोन छपायांच्या मध्ये जाळीवर रंगाचा पातळ थर पसरून ठेवा. पावसाळ्यात उलटं होतं. इमल्शन वाळता वाळत नाही, तेव्हा एक दिवस जास्त धरून चाला.

लोखंड, गूळ आणि हिरडा

भिलाईत लोखंडाला काय तोटा! इथली पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. पण गंजक्या लोखंडापासून काळा रंग करायची विद्या त्याहून कितीतरी जुनी आहे. राजस्थानातल्या बगरूचे छीपा आणि आंध्रातले कलमकारी करणारे कारागीर तो अजून वापरतात.

गंजलेले खिळे आणि लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी एका मडक्यात भिजत घालायचे. दोन-तीन आठवड्यांत ते आंबतं आणि लोखंड त्यात उतरतं. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. मग गाळून घ्या आणि चिंचोक्याच्या पिठानं घट्ट करा. दुसरीकडे सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा. ते पिवळसर होतं. छत्तीसगडच्या आणि विदर्भाच्या जंगलात हिरडा भरपूर, बाजारात पूडही मिळते. या कापडावर लाकडी ठसा मारला की हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र येऊन तिथेच काळा रंग तयार होतो. आधी राखाडी दिसतो, हवा लागली की गडद होतो. एकच सांभाळा: लोखंड प्रमाणाबाहेर झालं तर काही वर्षांनी कापड तिथेच विरतं. म्हणून मोठे भरीव ठसे टाळा, रेघांची नक्षी घ्या.

कोसा, मग आणि बाकीच्या वस्तू

आमच्याकडे चांपाचा कोसा, तुमच्याकडे भंडारा आणि आरमोरीचा. कोसा म्हणजे रेशीम, म्हणून त्याला खरा धरतो तो आम्लरंग, आणि तो वाफेवर पक्का करावा लागतो. घरी एवढा खटाटोप नको असेल तर पिगमेंटही चालतो, पण छापलेली जागा कडक लागते. महागाच्या साडीवर सगळीकडे छापण्यापेक्षा लहान बुट्टे घ्या, आणि आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर करून बघा.

मगचं तत्त्व आपण पाहिलेलंच आहे. स्वयंपाकघरातला साधा चिनी मातीचा मग सब्लिमेशनची शाई घेत नाही. बाजारात सब्लिमेशनचे म्हणून मिळणारे मग बाहेरून पॉलिमरचा लेप दिलेले असतात, आणि रंग त्या लेपात शिरतो. स्टीलच्या बाटलीचंही तेच. चित्र कागदावर उलटं छापायचं, आरशात दिसतं तसं, म्हणजे वस्तूवर सुलटं येतं. ही शाई पारदर्शक असते, त्यामुळे वस्तू पांढरी किंवा फिक्या रंगाची हवी. लाकडी पाट, पाट्या, आकाशकंदिलाचा कागद यांना मात्र मशीन लागत नाही. स्क्रीन किंवा स्टेन्सिल पुरतं. लाकडावर वरून वॉर्निशचा हात द्या.

गडद सुती टी-शर्टावर रंगीत फोटो हवा असेल तर डीटीएफ म्हणजे फिल्मवरची छपाई उपयोगी पडते. फिल्मवर पांढऱ्या शाईचा थर आणि गोंदाची पूड असते, त्यामुळे ती सुतीवरही बसते, पॉलिस्टरवरही. हे प्रिंटर सारखे चालू ठेवावे लागतात, नाहीतर पांढरी शाई आतच बसते. महिन्याला चार टी-शर्टांसाठी मशीन घेऊ नका. मोठ्या गावांत अशी फिल्म मीटरवर छापून मिळते. ती आणा आणि फक्त दाबायचं काम घरी करा.

विकण्याआधी

एक नमुना छापा, तीन दिवस राहू द्या, मग मधोमध कापा. एक अर्धा तुकडा कपाटात ठेवा, दुसरा घरच्या नेहमीच्या साबणानं पाच वेळा धुवा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. ओलं पांढरं फडकं छपाईवर दहा वेळा घासा, फडक्याला रंग लागतो का बघा. या परीक्षेत जो उतरतो तोच माल गिऱ्हाइकाला द्या. भाव काढताना वीस नगांत दोन वाया जाणार हे धरा, आणि स्वतःच्या वेळेचेही पैसे लावा.

नक्षीही आपलीच असू द्या. कार्टूनमधली पात्रं, सिनेमाची पोस्टरं, कंपन्यांची चिन्हं विकायला छापणं म्हणजे दुसऱ्याचा हक्क घेणं, आणि कायद्यानंही ते महागात पडू शकतं. आपल्याकडे काय कमी आहे? आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या आहेत, चैत्रांगणातली चिन्हं आहेत. आमच्या सरगुजा भागातल्या बायकांनी गोंदण्याची नक्षी अंगावरून कापडावर आणली आणि साड्यांवर रंगवली. त्यांना नक्षी उसनी आणावी लागली नाही.

तर सुरुवातीला एवढंच आणा: एक धुतलेली सुती पिशवी, एक लहान स्क्रीन, एका रंगाची बाटली. इस्त्री घरात आहेच. पाच पिशव्या छापा, धुवा, बघा. सहावी पिशवी मात्र बिनधास्त कुणाला तरी भेट द्या. रंग टिकेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.