शाळा सुटली, पण घराची शाळा झाली

मागच्या जूनमध्ये माझ्या ताईने तिच्या मुलाचा शाळेतून दाखला काढला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, चौथी झालेली. हे लोक साकोली तालुक्यातल्या एका गावात राहतात. शाळेच्या बसने जाऊन-येऊन दोन तास लागायचे. रोज सकाळी पोट दुखायचं, डॉक्टरांना काही सापडायचं नाही आणि रविवारी मात्र पोट ठणठणीत. वर्षभर हे बघितल्यावर ताई-भाऊजींनी ठरवलं की एक वर्ष घरीच शिकवून बघू.

घरातली 'जास्त शिकलेली' म्हणून वेळापत्रक बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी बनवलं. आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा मराठी, मग छोटी सुट्टी, मग इंग्रजी, दुपारी परिसर अभ्यास. रंगीत चौकटी करून, प्रिंट काढून पाठवलं. तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. "तुझं वेळापत्रक तुझ्याजवळच ठेव. आता पोट माझं दुखते."

तेव्हा गावात रोवणी सुरू होती. ज्यांनी धानाची शेती पाहिली आहे त्यांना कळेल, त्या दिवसांत घरातली बाई सकाळी आठला गणित शिकवायला बसू शकत नाही. हे मला सुचायला हवं होतं, कारण मी स्वतः धानावरच पीएचडी करते!

शिक्षणशास्त्र हा माझा विषय नाही. पण पेपर शोधणं आणि त्यात नेमकं काय मोजलंय ते तपासणं, एवढं मला येतं. म्हणून शाळा सोडल्यावर घर कसं सावरतं यावर जे संशोधन झालंय ते वाचायला घेतलं. त्यातलं कामाचं तुम्हाला सांगते.

पहिली चूक जवळपास सगळेच करतात

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ जेनिफर लॉइस यांनी घरी शिकवणाऱ्या आयांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचा २००६ चा पेपर नेमका या रुळण्याच्या काळावर आहे. त्यांना दिसलं ते असं: सुरुवातीला आया घरातच शाळा उभी करायला जातात. तास, विषय, गृहपाठ, सगळं तसंच. पण शिक्षिका झाल्यामुळे स्वयंपाक, धुणं, धाकटं मूल यातलं काहीच कमी होत नाही. एकाच माणसावर दोन-तीन भूमिका येऊन पडतात आणि काही महिन्यांत ती पार थकते. यातून ज्या सावरल्या त्यांनी साधारण तीन गोष्टी केल्या होत्या. वेळापत्रक सैल केलं, आत्ता काय महत्त्वाचं आणि काय नाही हे ठरवलं, आणि नवऱ्याला कामात ओढलं.

ॲलन थॉमस या मानसशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधली १०० कुटुंबं पाहिली. त्यांचं पुस्तक १९९८ चं. तिथेही हाच क्रम. सुरुवात शाळेसारखी, आणि हळूहळू शिकवणं अनौपचारिक होत जातं. बरंचसं शिकणं गप्पांमधून, कामातून घडतं, असं त्यांचं निरीक्षण आहे.

म्हणजे ताईचं तीन आठवड्यांत दमणं हे तिचं अपयश नव्हतं. चूक वेळापत्रकाची होती, म्हणजे माझी.

या मधल्या काळाला घरी शिकवणारे पालक 'डीस्कूलिंग' म्हणतात. शब्द इवान इलिच यांच्या १९७१ च्या पुस्तकामुळे गाजला, पण ते समाजाबद्दल बोलत होते. पालकांनी तो घरापुरता घेतला. घंटा, मार्क, 'किती झालं, किती राहिलं' ही सवय अंगातून उतरायला लागणारा वेळ, असा त्याचा अर्थ झाला. शाळेत काढलेल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना द्यावा असा एक हिशेब ऐकायला मिळतो. तो अनुभवी पालकांचा ठोकताळा आहे, प्रयोगातून आलेला आकडा नाही. तो तसाच वापरावा.

मग सगळंच मोकळं सोडायचं?

इथे थांबा. कॅनडात २०११ साली मार्टिन-चांग आणि सहकाऱ्यांनी ५ ते १० वर्षांची ३७ घरी शिकणारी आणि ३७ शाळेत जाणारी मुलं घेऊन वाचन, गणित वगैरेच्या चाचण्या घेतल्या. घरी शिकणाऱ्यांचे दोन गट निघाले. ज्यांच्या घरी अभ्यासाची काहीतरी ठरलेली घडी होती अशी २५ मुलं शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे होती. काहीच ठरलेलं नव्हतं अशी १२ मुलं सगळ्यांत मागे होती.

आता यावरून 'घरशिक्षण शाळेपेक्षा भारी' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. १२ मुलं म्हणजे फारच लहान नमुना. शिवाय ही कुटुंबं स्वतःहून अभ्यासात आली होती. ज्यांचं घरी नीट चाललंय तेच लोक अशा वेळी हात वर करतात. घरशिक्षणावरच्या बहुतेक अभ्यासांत ही अडचण आहे.

तरी दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तर काहीतरी हाती लागतं. दिवस सैल करा, पण वाचन आणि गणित यांची रोजची थोडी वेळ सोडू नका.

आणि मालविका जोशी?

घरशिक्षण म्हटलं की मराठी घरांत हे नाव निघतंच. मुंबईच्या मालविका राज जोशीला तिच्या आईने, सुप्रिया जोशी यांनी, सातवीच्या सुमारास शाळेतून काढलं. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं आणि २०१६ मध्ये ती एमआयटीला गेली. बारावी नसल्याने आयआयटीचं दार मात्र तिच्यासाठी बंद होतं.

बातमीत पदकं दिसतात. मला त्यातली दुसरी ओळ महत्त्वाची वाटते: आईने आपली नोकरी सोडली आणि अभ्यासक्रम स्वतः आखला. एका माणसाचा पूर्ण दिवस, अनेक वर्षं. आणि ज्यांना पदक मिळत नाही त्यांची बातमी येत नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्या घरी हा पूर्ण दिवस कोण देणार आहे, हा प्रश्न शाळा सोडण्याच्या आधी विचारायचा असतो. ताईच्या घरी तो आम्ही कुणीच विचारला नव्हता.

कागदपत्रांचं काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण त्यासाठी पालकांना दंड सांगितलेला नाही. घरशिक्षणासाठी वेगळी तरतूदही नाही. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात मुलाचं नाव येऊ शकतं. गुरुजी दारात आले तर घाबरू नका, काय चाललंय ते नीट सांगा.

कलम ४ मात्र आपल्या कामाचं आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. म्हणजे परतीची वाट मोकळी आहे.

परीक्षा द्यायची तर एनआयओएस आहे, तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे स्तर आहेत. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी-आठवीच्या परीक्षा घेतं. दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीतच आहे. आणि शाळा सोडल्याचा दाखला जिवापाड जपा. उद्या जात पडताळणीला शाळेची नोंद लागते.

आता घरी काय चाललंय

वेळापत्रक गेलं. सकाळी चहानंतर तासभर वाचन आणि लेखन, ते ताईकडे. गणित संध्याकाळी भाऊजींकडे. सुरुवातीला ते "मला जमत नाही" म्हणत होते, पण धान विक्रीचा हिशेब त्यांनाच करावा लागतो, तर जमलं. बुधवारी ताईला पूर्ण सुट्टी, त्या दिवशी आजी आणि तिच्या गोष्टी.

मी एकच काम दिलं. बांधीतल्या दहा चुडांना दोरा बांधायचा, दर आठवड्याला त्यांचे फुटवे मोजायचे आणि सरासरी काढायची. सोबत बाटलीच्या पर्जन्यमापकात पाऊस मोजायचा. पोराने दोन वह्या भरल्या. सरासरी त्याला माझ्या काही बीएस्सीच्या विद्यार्थ्यांपेक्षा बरी समजते. इंग्रजी मात्र मागे पडलंय, ते लपवत नाही.

त्रास संपला नाही. "काऊन जी, पोरगा शाळेत नाही गेला?" हे दुकानात, दळणाला गेल्यावर, सगळीकडे. २०१३ मध्ये ग्रे आणि रायली यांनी शाळेशिवाय शिकवणाऱ्या २३२ कुटुंबांना अडचणी विचारल्या होत्या. त्यात लोकांचं बोलणं सगळ्यांत वरच्या अडचणींत होतं. ताईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अमेरिकेतही साकोलीच आहे."

पोट आता दुखत नाही. पण एक गोष्ट ताईने मागच्या आठवड्यात सांगितली. रोज संध्याकाळी पाचला पोरगा रस्त्यावर जाऊन उभा राहतो. शाळेची बस येते, मित्र उतरतात, मग सगळे खेळायला जातात. ज्या बसच्या भीतीने पोट दुखायचं, तिचीच वाट बघतो.

त्याला शाळा नको होती की फक्त ती सकाळ नको होती? याचं उत्तर कुठल्याच पेपरमध्ये मिळणार नाही, त्यालाच विचारावं लागेल. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चालत जाता येतं. जूनच्या आधी ताई त्याला एकदा तिथे नुसती बघायला घेऊन जाणार आहे. यावेळी मी वेळापत्रक पाठवणार नाही.