जुन्या मोटार-एंजिनातील वितरकरहित प्रज्वलन : सागरी हवेच्या संदर्भात

रत्नागिरीच्या मांडवी बंदरालगतच्या वस्तीत ज्यांनी जुनी पेट्रोल-मोटार बाळगली आहे, त्यांना आषाढातील एक अनुभव सांगावा लागत नाही. रात्रभर पाऊस व खारा वारा अंगावर घेतलेली गाडी सकाळी स्टार्टर फिरवला असता फिरते, परंतु पेटत नाही. मग बॉनेट उघडून काळ्या बेकेलाइटच्या टोपीच्या तारा काढावयाच्या, टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावयाची, प्रसंगी ती चुलीजवळ शेकून घ्यावयाची आणि पुन्हा बसवावयाची. गाडी बहुधा सुरू होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. मिस्त्री लोक याला ‘करंट खाली उतरतो’ असे म्हणतात, आणि हे वर्णन शास्त्रीयदृष्ट्याही अगदी बरोबर आहे. हा दोष जेथे उद्भवतो तो वितरक, म्हणजे गॅरेजातील भाषेत ‘डिस्ट्रिब्युटर’, काढून टाकून जुन्याच एंजिनाला वितरकरहित प्रज्वलन कसे देता येते, आणि तसे केल्याने नेमके काय साधते व काय साधत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनासाठी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यातून निघालेली गाडी समोर ठेवू. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ती महाराष्ट्रात घरोघर परिचित झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून तिची अखेरची गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली; परंतु खाजगी मालकीच्या गाड्या अजून आहेत, आणि कोकणातही आहेत. तिचे एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२. पुढील विवेचन थोड्याफार फरकाने त्या काळच्या कोणत्याही चार सिलिंडरी पेट्रोल एंजिनाला लागू पडेल.

चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीसाठी सिद्ध केलेली बॅटरी-प्रज्वलनाची पद्धती पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर जवळजवळ तशीच चालली. तीत वितरकाकडे तीन वेगळी कामे सोपविलेली असतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह योग्य क्षणी तोडणे, हे पहिले. ते ‘पॉइंट’ करतात. एंजिनाची गती व भार यांनुसार तो क्षण मागे-पुढे सरकविणे, हे दुसरे. ते केंद्रोत्सारी वजने व निर्वाताचा पडदा करतात. आणि निर्माण झालेला उच्च दाब क्रमाक्रमाने चार ठिणगी-गुडद्यांना वाटून देणे, हे तिसरे. ते रोटर व टोपी करतात. एकाच दंडावर तीन कामे रचण्यातील कल्पकता थोर खरी. पण त्यामुळेच एका कामातील झीज दुसऱ्याला बाधते. पॉइंटचा फायबरचा टेकू झिजला की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, आणि ठिणगी मागे पडते. वितरकाचा दंड कॅम-दंडावरील दात्यांवरून फिरतो. त्या दात्यांत ढिलाई आली की ठिणगीचा क्षण फेऱ्याफेऱ्याला दोन-तीन अंश भटकतो.

किनारपट्टीवर अडचण येते ती मुख्यतः तिसऱ्या कामात. टोपीच्या आत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब वावरत असतो आणि शेजारशेजारच्या दोन संपर्कबिंदूंत दोन-तीन सेंटिमीटरांचेच अंतर असते. पृष्ठभाग कोरडा असेल तर तेवढे पुरते. परंतु समुद्राच्या तुषारांतून आलेले मीठ त्यावर बसले की परिस्थिती पालटते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे आपण होऊन पाणी ओढून विरघळते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडाला तर ३३ टक्के आर्द्रताही पुरते. मांडवीच्या किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवा यापेक्षा पुष्कळच ओलसर असते. म्हणजे हा थर त्या काळात कधी वाळतच नाही. त्यातून प्रवाह झिरपतो, बेकेलाइट जळून कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि एकदा ती उमटली की पुसण्याने जात नाही. रोटरच्या टोकाशी सतत उडणाऱ्या ठिणगीमुळे आत ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात; ओलाव्याशी संयोग होऊन ती धातूला खातात, हा आणखी एक उपद्रव.

यावर उपाय म्हणून वितरणाचे कामच रद्द करता येईल काय? येते, आणि ही कल्पना नवी नाही. १९४८ मध्ये प्रसिद्धीस आलेल्या सिट्रोएनच्या दोन सिलिंडरी २ सीव्ही गाडीत दोन टोकांची एकच कॉइल दोन्ही गुडद्यांना एकाच वेळी ठिणगी देत असे. टोपी व रोटर तीत नव्हतेच. चार सिलिंडरी एंजिनात हेच तत्त्व दोन कॉइलींनी साधते. १ आणि ४ या सिलिंडरांचे दट्टे एकदमच वर येतात. एकात संपीडनाचा शेवट असतो तेव्हा दुसऱ्यात निष्कासाचा. २ आणि ३ यांचेही तसेच. एका कॉइलच्या द्वितीयक वेटोळ्याची दोन टोके या जोडीतील दोन गुडद्यांना जोडली, की प्रवाह एका गुडदीतून सिलिंडरच्या माथ्यात उतरतो व दुसरीतून परत चढतो. निष्कासाच्या सिलिंडरात दाब अल्प असल्याने तेथील ठिणगीला हजार-दोन हजार व्होल्टच खर्ची पडतात. उरलेला सर्व दाब कामाच्या ठिणगीला मिळतो. निष्कासातील ठिणगी वाया जाते, म्हणून या पद्धतीला ‘वाया ठिणगी’ची पद्धती म्हणतात. नाव काहीसे अन्यायाचे आहे, कारण रोटरच्या फटीत पूर्वी याहून फारसे कमी वाया जात नव्हते.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल जुन्या कॉइलचे प्राथमिक प्रेरकत्व ९ मिलिहेन्री व रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर प्रवाह फार तर ४ अँपिअर होईल आणि साठणारी ऊर्जा ७२ मिलिजूल. पॉइंटना याहून अधिक प्रवाह सोसत नाही. एंजिन मिनिटाला ४,८०० फेरे करीत असता सेकंदाला १६० ठिणग्या लागतात. म्हणजे दर ठिणगीस ६.२५ मिलिसेकंद. त्यांपैकी साठ टक्के वेळ पॉइंट मिटलेले राहतात असे मानले, तर भरण्यास ३.७५ मिलिसेकंद मिळतात. कॉइलचा कालांक ३ मिलिसेकंद असल्याने प्रवाह सुमारे २.८५ अँपिअरपर्यंतच चढतो, आणि ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे एंजिनाला ठिणगीची सर्वांत निकड असते त्याच वेळी ती दुबळी होते. याउलट दोन कॉइली असल्या की प्रत्येकीला सेकंदास ८० च ठिणग्या द्याव्या लागतात, दोन ठिणग्यांमध्ये १२.५ मिलिसेकंद मिळतात. ६ मिलिहेन्री व अर्ध्या ओहमची आधुनिक कॉइल १३.५ व्होल्टवर सुमारे ३ मिलिसेकंदांत ६ अँपिअर घेते व १०८ मिलिजूल साठविते, वेळ उरतोच. थंड सकाळी स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब ९ व्होल्टपर्यंत घसरला, तर त्याच प्रवाहाला ४.९ मिलिसेकंद लागतील. नियंत्रक दाब मोजून तेवढा वेळ वाढवून देतो; पॉइंटना हे कधीच जमले नसते.

ठिणगीचा क्षण ठरविण्यासाठी क्रँक-दंडाची स्थिती कळली पाहिजे. त्यासाठी पुढील पुलीवर दातेरी चक्र बसवितात. छत्तीस समान भागांपैकी एक दाता गाळलेले चक्र फोर्डच्या पद्धतीने रूढ झाले. साठांपैकी दोन गाळलेले बॉशच्या. पहिल्यात प्रत्येक दाता म्हणजे दहा अंश. गाळलेल्या दात्याची रिकामी जागा संवेदकासमोरून गेली की नियंत्रकाला फेऱ्याचा आरंभ समजतो. चार सिलिंडरी एंजिनात ही जागा पहिल्या दट्ट्याच्या शिरोबिंदूच्या ९० अंश आधी, म्हणजे नऊ दाते आधी, यावी अशी फोर्डच्या पद्धतीत योजना आहे.

प्रत्यक्ष रूपांतरात बहुतेक चुका येथेच घडतात, म्हणून थोडे थांबणे अवश्य आहे. पुलीवरील जुन्या खुणेवर विश्वास ठेवू नये. पहिल्या गुडदीच्या भोकात दट्ट्याला अडविणारा बोथट खिळा बसवून एंजिन हाताने दोन्ही दिशांना टेकेपर्यंत फिरवावे, पुलीवर दोन्ही ठिकाणी खूण करावी आणि त्यांचा मध्य काढावा. तोच खरा शिरोबिंदू. चक्र पुलीशी समकेंद्र हवे, अन्यथा संवेदकाची फट दर फेऱ्यात लहान-मोठी होते. ही फट सामान्यतः अर्धा ते एक मिलिमीटर ठेवतात. पुलीचा बाहेरचा कडा रबरावर बसविलेला असेल तर चक्र त्या कड्याला न जोडता आतील तुंब्यास जोडावे, कारण जुने रबर सरकते. चुंबकीय संवेदकाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर एंजिन कदाचित चालेलही. पण शून्यबिंदू दात्याच्या मध्याऐवजी फटीच्या मध्यावर धरला जाऊन पाच अंशांचा घोटाळा होतो, व गाळलेल्या दात्यापाशी नियंत्रक गोंधळतो. ठिणगीच्या तारा कार्बनी रोधाच्या असाव्यात. साध्या तांब्याच्या तारांतून निघणारा विद्युत्-गोंगाट संवेदकाच्या क्षीण संकेतात मिसळतो. शेवटी स्ट्रोबच्या दिव्याने पडताळा घेताना, वाया ठिणगीमुळे काही अंशदर्शक दिवे दुप्पट वाचन देतात हेही लक्षात असावे.

वितरक काढण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : त्याच दंडाच्या आधाराने तेलाचा पंप तर फिरत नाही ना? पुष्कळ जुन्या एंजिनांत तशी रचना असते. तेथे वितरक निष्काळजीपणे उपटणे म्हणजे धारवे जाळण्याची सोय करणे होय. अशा वेळी वितरकाचे वरचे अंग कापून खालचा दंड व त्याचे धारवे तसेच ठेवतात आणि वरून झाकण बसवितात.

प्रज्वलन किती आधी घडवावे, याचा तक्ता आता वजने व पडद्याऐवजी नियंत्रकाच्या स्मृतीत लिहावयाचा असतो. उतावीळपणा टाळून प्रथम जुन्या वितरकाचेच वर्तन स्ट्रोबने मोजून जसेच्या तसे उतरवावे आणि मग थोडेथोडे बदलावे, हे आम्हास अधिक सुरक्षित वाटते. जुना तक्ता अंतिम मानण्याचेही कारण नाही. या गाड्यांचे वितरक शिसेयुक्त पेट्रोलसाठी आखले गेले होते, १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि आजच्या पेट्रोलात २० टक्के एथेनॉल असते. भार मोजण्यासाठी कार्ब्युरेटरच्या झडपेखालून नळी घेऊन ती दाब-संवेदकास जोडतात. नळीत बारीक छिद्राचा अडथळा ठेवल्यास स्पंदने शमतात. जुना पडदा निर्वात मोजतो तो भोवतालच्या हवेच्या तुलनेने. नवा संवेदक निरपेक्ष दाब मोजतो. मांडवीहून निघून आंबा घाटाने सुमारे सहाशे मीटर चढले की हवेचा दाब ७० मिलिबारच्या आसपास उतरतो, आणि हा फरक नव्या पद्धतीत आपोआप हिशेबात येतो. मंद गतीवर फेरे घटताच प्रज्वलन किंचित आधी न्यावे, असा तक्ता लिहिला तर एंजिन न अडखळता तेवत राहते. वजनांच्या यंत्रणेला असे उलटे वळण देता येत नाही.

आता सागरी हवेचा मूळ प्रश्न. टोपी गेली, म्हणजे तो सुटला, असे समजणे भोळेपणाचे होईल. उच्च दाबाच्या जागा उरतात त्या कॉइलचे बुरूज, तारा व गुडद्यांची रबरी टोपणे; त्या बंद व हवारोधक असल्याने धोका पुष्कळ कमी होतो. परंतु मीठ आता कमी दाबाच्या जोडांकडे वळते. संवेदकाचा जोड हिरवटला, भूसंपर्काची तार गंजली, की संकेत बुडतो. आणि जुन्या गाडीत निदान फडके तरी हाती होते, येथे फडक्याने काही होत नाही. म्हणून सीलबंद जोड, त्यांत भरलेले विद्युत्-रोधक ग्रीस, एंजिनावरच एकत्र आणलेले भूसंपर्क, आणि नियंत्रकाची पेटी एंजिनाच्या खोलीत न ठेवता गाडीच्या आत, पायाजवळच्या पाण्यापासून उंचावर बसविणे, या गोष्टी किनारपट्टीवर रूपांतराचाच भाग मानाव्या लागतात. देशावर त्यांची हयगय एकवेळ खपेल. येथे पहिल्याच पावसाळ्यात ती उघडी पडते.

आमच्या मते ज्याची गाडी वर्षातून दोनदा निघते त्याने चांगली टोपी, नव्या तारा व पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक संच एवढ्यावर भागवावे. रोज समुद्राकाठी उभी राहणारी व रोज चालणारी गाडी असेल, तर मात्र पूर्ण रूपांतराचा खटाटोप सार्थ ठरतो. ते करणाऱ्याने गाडीत एक जादा संवेदक ठेवावा. आणि काढलेला वितरक, पॉइंट व कंडेन्सरसह, तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरी जपून ठेवावा. पुलीवरील चक्र त्याच्या आड येत नाही, आणि वितरकाचा दंड न कापता सबंध काढला असेल तर तो एका दुपारीत परत बसतो.