प्रतीक्षेचे मोल कोणी द्यावयाचे?

जपानच्या होंडा कंपनीने ‘प्रेल्यूड’ या आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे सप्टेंबर २०२५ मध्ये पुनरुज्जीवन केले. १९७८ मध्ये जन्मलेली ही दोन दरवाजांची मोटार पाच पिढ्या पाहून २००१ मध्ये बंद पडली होती. १९८७ च्या तिच्या पिढीत पुढच्या चाकांबरोबर मागचीही चाके वळविणारी यांत्रिक रचना होती आणि त्या काळच्या तरुणांना तिचे मोठे अप्रूप वाटे. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात नव्या प्रेल्यूडचा नमुना दिसला आणि तेव्हापासून जगभरचे मोटारशौकीन तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले. जपानमध्ये दरमहा तीनशे मोटारी खपतील असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या महिन्यातच सुमारे चोवीसशे मागण्या नोंदविल्या गेल्या.

या मोटारीची अंतर्रचना मोठी उद्बोधक आहे. ती हायब्रीड, म्हणजे पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी आहे. गावातल्या संथ गतीत चाके फिरवते ती विजेची मोटर. इंजिनाचे काम बहुतांशी वीजनिर्मितीपुरते उरते. मोकळ्या महामार्गावर मात्र इंजिन थेट चाकांशी जोडले जाते. नेहमीच्या अर्थाने हिच्यात गिअर नाहीतच. परंतु गिअर बदलल्याचा हिसका आणि आवाज यांवाचून शौकिनाचे समाधान होत नाही. म्हणून नसलेल्या गिअरचा भास उत्पन्न करणारी योजना तीत मुद्दाम केली आहे. यंत्र नवे, परंतु अनुभव जुनाच हवा, ही ग्राहकाची इच्छा कंपनीने अचूक ओळखली आहे.

पेणच्या वा रोह्याच्या रस्त्यावर प्रेल्यूड दिसण्याचा संभव फारसा नाही. तथापि ही मनोवृत्ती आपल्याकडे परकी आहे असे मात्र समजू नये. पुण्याजवळ पिंपरीत तयार झालेली टाटांची ‘सिएरा’ १९९१ मध्ये बाजारात आली. तीन दरवाजे आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली मोठी काच हे तिचे वैशिष्ट्य. किंमत आवाक्याबाहेरची असल्याने ती फारशी खपली नाही आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. पुढे २०२० च्या वाहन प्रदर्शनात त्याच नावाचा नवा नमुना मांडण्यात आला. प्रत्यक्ष मोटार आली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये, ११ लाख ४९ हजार रुपये या आरंभीच्या किमतीला. डिसेंबरात नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी सत्तर हजारांहून अधिक मागण्या आल्याचे कंपनीने जाहीर केले. जी मोटार पूर्वी थोड्यांनीच विकत घेतली, तिच्या आठवणीने एवढे लोक व्याकूळ व्हावेत, हे वरवर पाहता नवलाचे वाटेल. वस्तुतः त्यात नवल नाही. तेव्हा जी वस्तू केवळ पाहता आली ती आता घेता येईल, या भावनेचे हे मोल आहे. शाळकरी वयात सिएराच्या काचेला नाक लावणारा मुलगा आता मिळवता झाला आहे.

हा श्रीमंतांचा छंद म्हणून काही मंडळी त्याची हेटाळणी करतील. ती पूर्णतः रास्त नाही. या प्रतीक्षेचा अर्थ समजण्यासाठी आपल्याच जुन्या प्रतीक्षेशी तिची तुलना करावी लागेल. १९७२ पासून बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात ‘चेतक’ स्कूटर तयार होऊ लागली. पुढे तिच्यासाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षे थांबत. काही ठिकाणी ही मुदत दहा वर्षांपर्यंत गेली. उत्पादन किती करावयाचे हे कारखानदाराच्या इच्छेवर नव्हे, तर सरकारी परवान्यावर अवलंबून होते. ज्याचा क्रमांक लागे तो स्कूटर घेऊन दुसऱ्याच दिवशी चढ्या भावाने विकू शके. यानोस कोर्नाई या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाने टंचाईच्या अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध केला. रांग हा अशा अर्थव्यवस्थेतील अपघात नसून तिचा स्वभावच होय, हे त्याच्या विवेचनाचे सार आहे. त्याने उदाहरणे पूर्व युरोपातील दिली. परंतु आपल्या मध्यमवर्गाला ती समजण्यास भाषांतराची गरज नव्हती.

१९९१ चे औद्योगिक धोरण आणि १९९३ मध्ये मोटारींवरील परवान्याचे बंधन उठणे यांनंतर हे चित्र पालटले. आज चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरने धारण केले आहे. २०२० मध्ये ती आली तेव्हा पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत मिळत असे व तिच्यासाठीही थांबावे लागले. परंतु या थांबण्यात आणि पूर्वीच्या थांबण्यात मूलभूत फरक आहे. आज उशीर झाला तर ग्राहक नोंदणी रद्द करून दुसऱ्या कंपनीच्या दारात जातो. विलंबाची किंमत उत्पादकाला मोजावी लागते. परवान्याच्या काळात ती सर्वस्वी ग्राहकाच्या माथी होती. तात्पर्य, जो थांबवितो त्यालाच थांबविण्याचा खर्च पडू लागला, की प्रतीक्षा आपोआप आखूड होते. अर्थशास्त्राचा हा साधा नियम आहे आणि तो केवळ मोटारींपुरता नाही.

तो मोटारीखालच्या रस्त्याला लावून पाहावा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. पेण, वडखळ, नागोठणे आणि कोलाड ही गावे याच टप्प्यावर आहेत. रोह्याच्या माणसाला मुंबई गाठावयाची तर नागोठण्याला वा कोलाडला येऊन हाच रस्ता धरावा लागतो. धाटावच्या कारखान्यांचा माल आणि पेणच्या गणेशमूर्ती याच मार्गाने जातात. भूसंपादन रखडले, कर्नाळा अभयारण्यातील परवानग्यांना वेळ लागला, ठेकेदार अडचणीत आले, ही कारणे खरी आहेत. परंतु प्रत्येक कारणाबरोबर नवी तारीख जाहीर झाली आणि प्रत्येक तारीख उलटून गेली. २०२५ च्या गणेशोत्सवातही नागोठणे-कोलाड भागातील कामे अपुरीच होती. हायब्रीड मोटारीची बचत थांबत-थांबत चालण्यात सर्वाधिक दिसते हे खरे. पण वाहनांची रांग हा काही तिच्या प्रात्यक्षिकासाठी राखलेला मार्ग नव्हे. जमिनीलगत चालणाऱ्या स्पोर्ट्स कारचे खड्ड्यात काय होईल, हे तर सांगावयासच नको.

आणि या विलंबाचा खर्च कोणी सोसला? वाया गेलेले इंधन, मोडलेले स्प्रिंग, रुग्णवाहिकेतला उशीर, अपघातात गेलेली माणसे हा सारा हिशेब प्रवाशांच्या खात्यावर पडला. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार ठप्प झाले, तेव्हाही थांबण्याची किंमत मोजली ती कष्टाची ठेव ठेवणाऱ्यांनी. प्रतीक्षा या शब्दाला या तालुक्यात कडवट चव आहे ती उगीच नव्हे.

कोकणात सार्वजनिक काम वेळेवर होतच नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान. डोंगर, बोगदे आणि खाड्या ओलांडणारा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग, १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाल्यापासून आठ वर्षांच्या आत, जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. येथे सह्याद्री आडवा आला नाही असे नाही. परंतु केंद्र आणि चार राज्ये यांच्या भांडवलाखेरीज उरलेली रक्कम रोख्यांद्वारे उभी केली होती आणि त्यांवर व्याज चढत होते. काम एक दिवस लांबले तर एका दिवसाचे व्याज महामंडळाच्याच अंगावर येई. विलंबाला किंमत होती, आणि ती कोणी द्यावयाची हेही ठरलेले होते.

महामार्गाबाबत हेच सूत्र अंगीकारण्यास काय हरकत आहे? करारात दंडाची कलमे असतात. परंतु मुदतवाढ हा अपवाद न राहता रिवाज बनला की कलमे कागदावर राहतात. प्रत्येक पुलाची मुदत, दिलेली मुदतवाढ, तिचे कारण आणि वसूल झालेला दंड यांचा फलक पेण, वडखळ आणि कोलाड येथे लावावा. संपूर्ण टप्पा पुरा होईपर्यंत त्यावर पथकर घेऊ नये. जमीन ताब्यात न देता कामाचा आदेश काढला जात असेल, तर त्या विलंबाचा भार शासनाच्या संबंधित खात्याच्या अंदाजपत्रकात दिसावा. यांतील एकही गोष्ट क्रांतिकारक नाही.

एकवीस हजार रुपये भरून सिएराची नोंदणी करणाऱ्याच्या हाती एक पावती असते. मोटार वेळेवर आली नाही तर ती दाखवून तो जाब विचारू शकतो. पेण-रोह्याचा नागरिक वाहनकर भरतो, इंधनावरील कर भरतो. त्याच्याही हाती पावत्या आहेत. त्या दाखवून जाब कोठे विचारावयाचा, हे शासनाने त्याला एकदा सांगावे.