ताओवाद जगण्याला दुःख मानतो का?

मोबाईलवर एक चित्र अधूनमधून फिरत असते. मध्ये व्हिनेगरचा मोठा रांजण आणि भोवती तीन वयस्क पुरुष: कन्फ्युशियस, भगवान बुद्ध आणि लाओत्से. तिघांनी रांजणात बोट बुडवून चव घेतली आहे. कन्फ्युशियसचे तोंड आंबट झाले आहे, बुद्धांचा चेहरा कडवट दाखवला आहे आणि लाओत्से मात्र हसतो आहे. खालचा मजकूर असा की कन्फ्युशियसला जग बिघडलेले वाटले, बुद्धांना कडू वाटले आणि लाओत्सेला ते आहे तसे गोड लागले.

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने हे चित्र दाखवून विचारले, "म्हणजे ताओवाद हसरा आणि आपला धम्म रडका, असंच ना?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. धम्म निराशावादी आहे हा आरोप आपल्याला नवा नाही. या वेळी तो शेजारच्या विचाराशी तुलना करून आला, एवढेच. म्हणून ताओवादाचे ग्रंथ स्वतः काय म्हणतात ते पाहायचे आम्ही ठरवले.

आधी चित्राबद्दल. ते जुने आहे, पण त्याचा हा अर्थ जुना नाही. चीन आणि जपानमध्ये ते तिन्ही शिकवणींचे मूळ एकच आहे हे सांगण्यासाठी काढले जाई. रांजण एक, चाखणारे तीन. त्याच्या एका रूपात तर बुद्ध किंवा लाओत्से नाहीतच. तिथे सोंग काळातील कवी सू शी, त्याचा मित्र ह्वांग तिंगच्येन आणि फोयिन नावाचा भिक्खू आहे. 'बुद्ध कडू, लाओत्से गोड' ही मांडणी जगभर पोहोचली ती बेंजामिन हॉफ या अमेरिकन लेखकाच्या 1982 सालच्या 'द ताओ ऑफ पूह' या लोकप्रिय पुस्तकातून. ताओवादाची बाजू घेणाऱ्याने केलेले ते वर्णन आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

आता ग्रंथाकडे येऊ. 'ताओ ते चिंग' हा छोटा ग्रंथ आहे, 81 प्रकरणे आणि सुमारे 5000 चिनी अक्षरे. परंपरा तो एकट्या लाओत्सेचा मानते. पण 1973 मध्ये मावांगत्वी येथे इ.स.पूर्व 168 मध्ये बंद झालेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या त्याच्या दोन प्रती सापडल्या, आणि 1993 मध्ये क्वोत्येन येथे बांबूच्या पट्ट्यांवर त्याहूनही जुना मजकूर मिळाला. तो बराच लहान आहे आणि त्याचा क्रमही वेगळा आहे. म्हणजे हा ग्रंथ हळूहळू घडत गेला असावा.

या ग्रंथात पहिल्या आर्यसत्यासारखे विधान कुठेही नाही. त्याच्या जवळ जाणारे एकच स्थळ आहे, तेरावे प्रकरण. माणसाला मोठा त्रास होतो तो त्याला शरीर आहे म्हणून, शरीरच नसते तर कसला त्रास, असा त्याचा आशय आहे. हे वाचून बौद्ध वाचकाला ओळखीचे वाटेल. पण पुढच्याच वाक्यात दिशा बदलते. जो आपल्या शरीराला जगाइतके जपतो त्याच्यावरच जग सोपवावे, असे तिथे म्हटले आहे. शरीर आणि जगणे ही टाकून देण्याची गोष्ट नाही, जपण्याची गोष्ट आहे. ताओवादाचा सूर इथे कळतो. जगणे मुळात बिघडलेले नाही. माणूस ताओपासून, म्हणजे गोष्टींच्या सहज गतीपासून दूर गेला की ते बिघडते.

मग लाओत्सेला दुःख दिसलेच नाही का? दिसले, आणि नेमके दिसले. पंचाहत्तराव्या प्रकरणात लोक उपाशी का आहेत याचे कारण सरळ दिले आहे: वरचे लोक कर फार खातात म्हणून. त्रेपन्नाव्या प्रकरणात दरबार झगमगतो आहे, शेते तणाने भरली आहेत, कोठारे रिकामी आहेत, आणि अशा सत्ताधाऱ्यांना ग्रंथ चक्क लुटारू म्हणतो. सत्याहत्तराव्या प्रकरणात निसर्गाची रीत आणि माणसांची रीत समोरासमोर ठेवली आहे. निसर्ग जास्त असलेल्याकडून घेऊन कमी असलेल्याला देतो, माणसे नेमके उलटे करतात. सैन्याचा तळ पडला तिथे काटेरी झुडपे उगवतात, असेही तो सांगतो. राज्ये एकमेकांना गिळत होती त्या युद्धमान राज्यांच्या काळात हा ग्रंथ आकाराला आला. पुरे कुठे म्हणावे हे न कळणे याहून मोठी आपत्ती नाही, असे शेहेचाळीसाव्या प्रकरणात म्हटले आहे. तृष्णेच्या विचाराशी याचे नाते जोडायला आम्हाला अडचण वाटत नाही.

हे सगळे त्या हसऱ्या चित्रात कुठेच नाही. लाओत्सेच्या नावाने पोस्टर विकणाऱ्यांना पंचाहत्तरावे प्रकरण बहुधा परवडत नसावे.

दुसरा मोठा ताओवादी च्वांगत्से, इ.स.पूर्व चौथ्या शतकातला. त्याच्या नावाच्या ग्रंथातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिलीत त्याची पत्नी वारली आहे. मित्र ह्वेत्से सांत्वनाला येतो तर हा पाय पसरून बसला आहे, भांडे वाजवत गातो आहे. मित्र रागावतो. च्वांगत्से सांगतो की सुरुवातीला मलाही दुःख झाले, पण मग लक्षात आले की ती नव्हती, मग आली, आता पुन्हा बदलली, जसे चार ऋतू बदलतात. दुसऱ्या गोष्टीत त्याला वाटेत एक कवटी सापडते. रात्री ती स्वप्नात येऊन सांगते की मेल्यावर वर राजा नाही, खाली प्रजा नाही, ऋतूंची कामे नाहीत. पुन्हा जिवंत करू का, असे विचारल्यावर ती कपाळाला आठ्या घालते. माणसांचे कष्ट पुन्हा कोण अंगावर घेईल, हा तिचा सवाल.

कवटीच्या गोष्टीवरून च्वांगत्सेही जगण्याला दुःखच मानतो असे म्हणता येईल का? आम्हाला तसे वाटत नाही. जगणे चांगले आणि मरण वाईट हे आपण कशावरून ठरवले, एवढेच तो विचारतो आहे. पण त्या कवटीची पहिली तक्रार राजा आणि प्रजा ही आहे, हे वाचताना निसटू नये. जरा, व्याधी, मरण या गोष्टी त्याच्या लेखी बदलाचा भाग आहेत. त्यांच्याविरुद्ध लढायचे कारण नाही, त्यांतून सुटायचेही कारण नाही. इथे बौद्ध विचार वेगळा होतो. दोघेही अनित्यता पाहतात. बौद्ध परंपरा तिच्यात दुःख ओळखते आणि त्याच्या निरोधाचा मार्ग सांगते, च्वांगत्से तिच्याबरोबर वाहत जायला सांगतो.

चित्रातल्या त्या कडवट चेहऱ्याचे मूळ भाषांतरात असावे अशी आम्हाला शंका आहे. इ.स. 148 च्या सुमारास आन शिकाव हा भिक्खू लोयांगला आला आणि बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे सुरू झाली. 'दुःख' या शब्दासाठी चिनीत 'खू' हा शब्द रुळला. त्याचा मूळ अर्थ कडू. पालीतील दुक्खाचा पसारा केवढा, वेदनेपासून ते कशातच टिकाऊ समाधान नसण्यापर्यंत. तो सगळा एका चवीत बसवला गेला. निब्बाणासाठी त्या काळी कधी कधी ताओवाद्यांचाच 'वू-वेई' हा शब्द वापरला जाई.

शब्दांची ही गल्लत ह्युएन त्संगला चांगली ठाऊक होती. भारतातून परतलेला, पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा तोच हा प्रवासी. कामरूपच्या राजासाठी 'ताओ ते चिंग' संस्कृतमध्ये आणण्याचे काम 647 मध्ये सम्राट ताइत्सुंगने त्याच्यावर सोपवले. ताओवादी पंडितांचा आग्रह होता की 'ताओ' म्हणजे 'बोधी' लिहावे. ह्युएन त्संग अडून बसला: 'ताओ' म्हणजे 'मार्ग', बोधी नव्हे.

पुढे ताओवादाचा धर्म झाला आणि उत्तर आणखी गुंतागुंतीचे झाले. परंपरेनुसार 142 मध्ये चांग ताओलिंगने सिचुआनमध्ये पंथ स्थापला. तिथे आजारपण हे गैरकृत्याचे फळ मानले जाई आणि दोषी माणसाने प्रायश्चित्त म्हणून रस्ता दुरुस्त करून द्यावा अशीही रीत होती. इ.स. 400 च्या सुमारास लिंगपाओ ग्रंथांनी कर्मफळ, पुनर्जन्म, नरक या कल्पना बौद्धांकडून उचलल्या. बाराव्या शतकात वांग चुंगयांगच्या छ्वानचन पंथाने संसाराला बंधन ठरवून ब्रह्मचर्याचा मार्ग धरला. या पंथांत जगण्याबद्दलचा सूर बराच कडवट झाला. तरीही त्यांचे ध्येय दीर्घायुष्य आणि अमरत्व हेच राहिले. जगणे मुळातच दुःख मानणारा हजार वर्षे जगण्याची साधना कशाला करील?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच विचारले आहे की चार आर्यसत्ये बुद्धांच्या मूळ शिकवणीत होती का, की ती नंतर भिक्खूंनी घातली. जन्म, जगणे, मरण सगळेच दुःख असेल तर माणसाला आशा उरत नाही, ही त्यांची अडचण होती. त्याच ग्रंथात निराशावादाच्या आरोपालाही उत्तर आहे. जगात शोषण आहे असे मार्क्सनेही सांगितले, पण त्याला कोणी निराशावादी म्हटले नाही, अशा आशयाचा तो युक्तिवाद आहे. दुःख सांगितले की दूर करण्याचा मार्गही सांगावा लागतो, आणि धम्म तो सांगतो.

या जागेवरून पाहिले तर आम्हाला ताओवादाशी खरा मतभेद वाटतो तो दुःख मानण्या-न मानण्यावर नाही. दुःखाचे कारण लाओत्सेने ओळखले होते. मतभेद उपायावर आहे. लाओत्सेचा सल्ला मुख्यतः राजाला आहे: ढवळाढवळ करू नकोस. च्वांगत्सेचा सल्ला एकेकट्या माणसाला आहे. त्याच्या ग्रंथात एक वाकडे झाड आहे. लाकूड कामाचे नाही म्हणून त्याला कुऱ्हाड लागत नाही. शू नावाचा एक अपंग माणूस आहे. सैन्यभरती आली की तो निर्धास्त फिरतो, वेठीचे काम आले की त्याला वगळतात, आणि धान्य वाटप झाले की त्याचा वाटा मिळतो. निरुपयोगी व्हा आणि वाचा.

गोष्ट सुंदर आहे, आम्ही ती वर्गात आवडीने वाचली. पण ज्याची उपयुक्तता जन्मानेच ठरवली गेली त्याने निरुपयोगी कसे व्हावे? महारकीच्या वतनात गावाने कधीही हाक मारावी आणि घरातल्या कोणाला तरी जावे लागे. बाप गावात नसला तर मुलाला. तिथे वाकडे झाड होण्याची सोय नव्हती. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा आला तो 1958 साली, ते गेल्यानंतर.