निवृत्तीआधीचा परदेशवास

बेंगळूरुच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील पंचेचाळिशीची मंडळी हल्ली मला नोकरीच्या नव्हे, तर नोकरी सोडून परदेशी राहण्याच्या व्हिसाविषयी विचारतात. पैसा बहुतेकांकडे आहे. अडचण त्याच्या स्वरूपाची. थायलंडचा निवृत्ती व्हिसा पन्नाशीनंतरच मिळतो. बँकेत आठ लाख बाट असले तरी वय आड येते. पोर्तुगालच्या ‘डी-७’ला ती अट नाही, मात्र तेथे पगार चालत नाही. भाडे, लाभांश, निवृत्तिवेतन असे घरबसल्या येणारे उत्पन्न हवे; २०२५ मध्ये एकट्या अर्जदारासाठी महिना किमान ८७० युरो.

येथे आपली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना उघडी पडते. पूर्ण निवृत्तिवेतन ५८व्या वर्षी, पन्नाशीनंतर घेतल्यास प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात, त्याआधी काहीच नाही. शिवाय १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत पस्तीस वर्षांच्या सेवेलाही महिना साडेसात हजारच पदरी पडतात. लाखांत पगार घेणाऱ्याच्या हाती हे! पोर्तुगालशी २०१७ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, पण त्याचा रोख नोकरदारांवर. माझ्या मते आपल्या धोरणकर्त्यांनी मध्यमवयीन स्थलांतरिताचा विचारच केलेला नाही. त्याला तारते ते व्हाइटफील्डमधल्या सदनिकेचे भाडे. तेही रुपयांत येणारे आणि युरोत मोजले जाणारे.