चितळाला न दिसणारा वाघ : चॅनेल आणि मास्कची ओळख

वाघ आपल्याला नारिंगी दिसतो, चितळाला नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यात दोनच. नारिंगी आणि हिरवा यांतला फरक त्यांना कळत नाही. म्हणून तर ताडोबाच्या झाडोऱ्यात एवढा भडक प्राणी बिनधास्त दबा धरून बसतो.

हा डाव आपल्यालाही पाहता येतो. फोटोशॉपमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये फोटो उघडा आणि चॅनेल एकेक करून बघा. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरवा आणि निळा अशा तीन कृष्णधवल प्रती. साध्या जेपेगमध्ये प्रत्येकीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात ताडोबाचं गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी उघडतं, तेव्हाच्या फोटोत हिरव्या चॅनेलमध्ये वाघ आणि पानं एकाच राखाडीत मिसळतात. लाल चॅनेलमध्ये पानं काळवंडतात, वाघ उजळतो. मे महिन्यात मात्र वाळलेलं गवत आणि बांबूही लाल चॅनेलमध्ये तितकेच उजळ असतात. तेव्हा निळा चॅनेल घ्यावा : गवत फिकट, वाघाचं अंग काळपट.

ज्या चॅनेलमध्ये वाघ सर्वांत वेगळा दिसतो, त्यातूनच मास्क काढायचा. रांगोळीच्या छापाला भोक असतं तिथेच रंग उतरतो. मास्कचं काम तेच, फक्त इथे अर्धवट भोकंही चालतात. पांढऱ्या भागात लेयरचा, म्हणजे फोटोवर चढवलेल्या थराचा, बदल पूर्ण दिसतो, काळ्यात अजिबात नाही, राखाडीत थोडाथोडा. मिशांसारख्या बारीक कडा हाताने आखण्यापेक्षा चॅनेलमधून सुबक मिळतात, त्या या राखाडीमुळेच.

फोटोशॉपमधली कृती अशी. निवडलेल्या चॅनेलची प्रत काढा. लेव्हल्सने तिच्यातलं काळं अधिक काळं, पांढरं अधिक पांढरं करा. निळा चॅनेल घेतला असेल तर प्रत उलटी करा. लाल चॅनेल घेतला असेल तर वाघाच्या अंगावरचे काळे पट्टे मास्कमध्ये खाचा पाडतात; त्या पांढऱ्या ब्रशने भरा आणि बाहेर राहिलेले उजळ ठिपके काळ्याने पुसा. कंट्रोल दाबून प्रतीवर क्लिक केलं की सिलेक्शन तयार. मग कर्व्ह्जचा लेयर घ्या. सिलेक्शनचा मास्क आपोआप होतो. आता सावलीतला वाघ उजळला तरी मागचं जंगल जसंच्या तसं राहतं.

चॅनेलचा हाच खेळ उपग्रहचित्रांतही चालतो. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश लाल चॅनेलमध्ये बसवतात. हिरवी पानं तो भरपूर परावर्तित करतात, म्हणून गडचिरोलीचं दाट जंगल चित्रात लालभडक दिसतं. ताडोबाचा तलाव काळा पडतो, चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणी काळपट. पाणी आणि ढग मास्कने वगळले की उरलेल्या हिरवाईचं मोजमाप सोपं होतं.

वाघाच्या फोटोत मात्र मर्यादा पाळावी. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतून वाघ ओळखतात ते कुशीवरच्या पट्ट्यांवरून, आणि डाव्या-उजव्या कुशीचे पट्टेही सारखे नसतात. मास्कमधले पट्टे भरायला हरकत नाही. फोटोतल्या पट्ट्यांवर ब्रश फिरला तर वाघच बदलला. म्हणून मूळ रॉ फाइल जपा आणि काम लेयरसकट साठवा. लेयर बंद केला की कॅमेऱ्याने टिपलेला वाघ कुणालाही दाखवता आला पाहिजे.