चौसष्ट अक्षरांची पावती

मागच्या आठवड्यात पेन ड्राइव्हवर लिनक्स लिहिणाऱ्या रुफस या प्रोग्रामची खिडकी उघडली आणि ‘स्टार्ट’ दाबायच्या आधी थांबलो. ती खिडकी आणखी एक आठवडा तशीच राहू द्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातल्या एका वाचकाच्या प्रश्नाने या लेखमालेतला एक कच्चा दुवा दाखवून दिला आहे. प्रश्न दोन ओळींचा: घरी रेंज नाही, तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवणे अशक्य, बेळगावला शिकणारा भाचा पेन ड्राइव्ह भरून पाठवतो म्हणतो, तर चालेल का? चालेल. माझ्या मते जोयड्यासारख्या ठिकाणी तोच खरा मार्ग आहे. फाइल खुशाल हातोहात येऊ द्यावी. तिच्या खरेपणाची पावती मात्र त्याच हातातून घेऊ नये. ती पावती चौसष्ट अक्षरांची असते, आणि आजचा पूर्ण लेख मी तिच्यावरच खर्च करणार आहे.

आधी हातोहातच का, ते पाहू. लिनक्स मिंटची आयएसओ, म्हणजे बसवायच्या अख्ख्या डिस्कची एक फाइल, साधारण तीन जीबीची. सेकंदाला एक मेगाबिट हा वेग सलग मिळाला तरी ती उतरायला पावणेसात तास लागतील, आणि गोची त्या ‘सलग’ शब्दातच आहे. जुनी माणसे अजून ज्याला सुपा म्हणतात त्या या तालुक्याचा मोठा भाग जंगलाचा, त्यातला बराचसा काळी व्याघ्र प्रकल्पातला, आणि वस्त्या एकमेकींपासून लांब. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी रेंज शोधत टेकडीवर जाऊन बसणारी मुले याच जिल्ह्यात दिसली. सुपा धरणाच्या पाण्यावर तयार होणारी वीज इथून राज्यभर जाते. उलट्या दिशेने डेटा यायचा तर मात्र घाटातच दम तोडतो. तेव्हा भाच्याने बेळगावला फाइल उतरवावी आणि एसटीने येणाऱ्या कुणाच्या तरी खिशातून ती गावी पोचावी, यात मागासलेपण काही नाही. आपल्याकडे लिनक्स पसरले तेच मुळी असे. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली तेव्हा इंटरनेट ही मूठभरांची चैन होती. पुढे उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला फुकट सीडी टपालाने पाठवत असे.

पण त्या सीडीत आणि भाच्याच्या पेन ड्राइव्हमध्ये एक फरक आहे. कारखान्यात छापलेली सीडी नंतर कुणाला बदलता येत नाही. ती ओळखीच्या मासिकातून नाहीतर बंद पाकिटातून यायची, म्हणजे वस्तू आणि तिची हमी एकत्रच पोचायची. पेन ड्राइव्ह वाटेत दहा यंत्रांत लागतो आणि प्रत्येक यंत्राला त्यावर लिहिता येते. जोयड्यातल्या कुणबी घरांत कंदांचे बियाणे असेच हातोहात जाते. पण देणाऱ्याचे घर माहीत असते, आणि काही गफलत झालीच तर कोंब वर आल्यावर पानावरून जात कळते. आयएसओ फाइलला पान फुटत नाही. अर्धवट उतरलेली फाइल आणि पूर्ण फाइल यांचे नाव एक, चिन्ह एक. कधी कधी ती अर्ध्या वाटेपर्यंत बूटही होते आणि मग काळ्या पडद्यावर अडते. पाहणारा म्हणतो, ‘लिनक्स आपल्या मशीनला चालत नाही.’ माझा अंदाज असा की लिनक्सवर बसलेला हा शिक्का बऱ्याच वेळा खराब फाइलची करामत असतो.

कुणी म्हणेल, उबुंटू बूट होताना स्वतःच फाइली तपासते, मिंटच्या सुरुवातीच्या मेनूतही तपासणीचा पर्याय आहे, मग वेगळी पावती कशाला? ती तपासणी उपयोगाची आहे, जरूर करा. पण ती ज्या यादीशी ताडून पाहते ती यादी त्याच पेन ड्राइव्हवर असते. फाइल नकळत बिघडली असेल तर हे पुरते. कुणी जाणूनबुजून बदलली असेल, तर त्याने यादीही बदलली असणार. चोराकडचा माल चोराच्याच वहीशी ताडून पाहण्यासारखे आहे हे.

म्हणून चेकसम, म्हणजेच ती चौसष्ट अक्षरांची पावती. एसएचए-२५६ ही गणिती रीत कितीही मोठ्या फाइलमधून २५६ बिटांचा एक ठसा काढते. तो लिहायचा तर शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे मिळून बरोबर चौसष्ट जागा लागतात. तीन जीबींतला एक बिट इकडचा तिकडे झाला तरी सगळा ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. रिकाम्या फाइललाही ठसा असतो आणि तो जगभर एकच: त्याची सुरुवात ‘ई ३ बी ० सी ४ ४ २’ अशी होते. ही आठ अक्षरे दिसली तर पुढे काही ताडू नका, तुमच्या हातात शून्य बाइटची फाइल आली आहे. ठसा काढायला नवे काही बसवावे लागत नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा आधीपासून असते. मात्र तिला एसएचए-२५६ असे स्पष्ट सांगावे लागते, नाही तर ती जुन्या एसएचए-१ रीतीचा चाळीस अक्षरी ठसा काढून देते आणि माणूस ‘जुळत नाही’ म्हणून डोके धरून बसतो. ज्यांच्याकडे सेव्हन-झिप आहे त्यांना फाइलवर उजवी क्लिक करूनही ते जमते. ठसा कशानेही काढा, आधी अक्षरे मोजा. बत्तीस असतील तर तो एमडी५, चाळीस असतील तर एसएचए-१. या दोन्ही रीतींत दोन वेगळ्या फाइलींचा एकच ठसा करून दाखवण्यात आला आहे, पहिलीत २००४ साली आणि दुसरीत २०१७ साली.

आता कळीचा मुद्दा. तीन जीबी उतरवायला पावणेसात तास, पण चौसष्ट अक्षरे एका एसएमएसमध्ये मावतात आणि शंभराच्या जवळपास जागा शिल्लक राहते. जिथे डेटा पोचत नाही तिथेही एसएमएस बऱ्याचदा पोचतो, साधा फोनही लागतो. म्हणजे जड ते खिशातून आणि हलके ते तारेवरून, अशी वाटणी करता येते. एक पथ्य पाळायचे: पावती भाच्याकडून घ्यायची नाही. भाचा लबाड आहे म्हणून नव्हे. त्याचे संकेतस्थळ चुकले असेल तर त्याने पाठवलेला चेकसमही त्याच चुकीच्या पानावरचा असेल आणि दोन्ही गोष्टी छान जुळतील. पुण्यात, पणजीत, कुठेही असलेल्या दुसऱ्या माणसाला मिंटचे अधिकृत पान उघडायला सांगा आणि अक्षरे त्याच्याकडून मागवा.

‘जोयड्यातल्या माणसाच्या पेन ड्राइव्हमध्ये ढवळाढवळ करायला कोण बसलंय?’ हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि खास जोयड्यासाठी कुणी बसलेले नाही हेही खरे. पण २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली. १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा बदलून तो बल्गेरियातल्या एका सर्व्हरकडे वळवण्यात आला आणि तिथे चोरदरवाजा ठेवलेली आयएसओ होती. मिंटचे प्रमुख क्लेमां लफेव्र यांनी दुसऱ्याच दिवशी ते जाहीर केले. त्या दिवशी ज्याने ज्याने ती फाइल उतरवली तो निशाण्यावर नसतानाही सापडला. यावरचा पुढचा आक्षेप आणखी धारदार आहे: जो दुवा बदलू शकतो तो शेजारचा चेकसम का बदलणार नाही? बदलू शकतो. त्यासाठी मिंट आणि उबुंटू चेकसमच्या यादीवर जीपीजी ही डिजिटल सही करतात. ती पडताळणे हा वेगळ्या आठवड्याचा विषय. तोवर गावठी उपाय असा की चेकसम दोन ठिकाणांहून घ्यावा, एक मूळ पानावरून आणि एक एखाद्या मिररसारख्या, म्हणजे त्याच फाइलींची नक्कल ठेवणाऱ्या, दुसऱ्या जागेवरून, आणि आवृत्ती निघून काही दिवस लोटल्यावर घ्यावा. भाजी ताजी बरी, चेकसम शिळा बरा.

चौसष्ट अक्षरे फोनवर कोण वाचणार, हा आळसाचा आक्षेप. पण आळसाला गणिताने उत्तर देता येते. फाइल नुसती वाटेत बिघडली आहे का एवढेच पाहायचे असेल तर पहिली आठ पुरतात: बिघडलेल्या फाइलची आठही अक्षरे योगायोगाने जुळण्याची शक्यता ४२९ कोटींत एक. मात्र मुद्दाम बदल करणारा योगायोगावर विसंबत नाही. एखादे चांगले ग्राफिक्स कार्ड घेऊन फाइलच्या शेपटीला निरुपयोगी बाइट चिकटवत बसले तर आठ अक्षरे जुळवणे आज अवघड राहिलेले नाही. चौसष्टच्या चौसष्ट जुळवणे कुणाच्याही आवाक्यात नाही. तेव्हा पूर्ण वाचा, चार-चारच्या सोळा घासांत. बी, सी, डी, ई ही अक्षरे खरखरत्या फोनवर सारखीच ऐकू येतात, म्हणून त्यांना गावे जोडून घ्यावीत: अणशीचा ए, बेळगावचा बी, कॅसलरॉकचा सी, दांडेलीचा डी, एर्नाकुळमचा ई. एफसाठी मराठी माणूस ‘फोंडा’ म्हणेल. फोंड्याचे इंग्रजी स्पेलिंग पी-ने सुरू होते ही अडचण इथे आड येत नाही, कारण यादीत पी नाहीच. ‘अणशी सात, दांडेली शून्य’ असे म्हणत सोळा घास पाच मिनिटांत संपतात. वाचणारा ओळखीच्या आवाजात वाचत असतो, ही हमी एसएमएसला नाही.

आता भाच्याने नक्की काय पाठवावे, यावर माझे मत ठाम आहे. बूट होणारा तयार पेन ड्राइव्ह पाठवू नये, आयएसओ फाइल पाठवावी. रुफस आयएसओ पद्धतीने लिहितो तेव्हा आतल्या फाइली सुट्या करून ठेवतो आणि काहींत थोडा बदलही करतो. मग अधिकृत चेकसम ताडायला अखंड फाइलच उरत नाही. आयएसओ जशीच्या तशी आली तर ती तुमच्या यंत्रावर उतरवा, ठसा काढा, आणि जुळला तरच स्वतःच्या दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लिहा. रुफस स्वतः दीड-दोन एमबीचा आहे, तो कमकुवत रेंजवरही उतरतो. व्हेंटॉय हे दुसरे साधन वापरणारे म्हणतील की त्यात आयएसओ अखंडच राहते आणि वर बूटही होते. खरे आहे, सोय मोठी आहे. पण मग व्हेंटॉय कुणी बसवला हा प्रश्न उरतो, आणि त्याच्या स्रोतसंचात तयार बायनरी फाइली असण्याबद्दलची कुरबुर तर जुनीच आहे. शिवाय परक्या पेन ड्राइव्हचे फर्मवेअरच बदललेले असू शकते, हे २०१४ साली ‘बॅडयूएसबी’च्या प्रात्यक्षिकाने दाखवले. त्यावर चेकसमचा काही इलाज नाही. म्हणून नवा, सीलबंद पेन ड्राइव्ह तुम्हीच घेऊन भाच्याकडे पाठवा. अनोळखी ड्राइव्ह येण्यापेक्षा ओळखीचा परत आलेला बरा. एक बारकी गोष्ट त्याला आधीच सांगा: ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. मिंट बसेल, उबुंटूची आयएसओ बसणार नाही. त्यासाठी एक्सफॅट.

पुढच्या आठवड्यात रुफसची ती खिडकी नक्की. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून तिच्याबद्दल विचारणारे वाढले आहेत आणि त्यांना आणखी ताटकळत ठेवणे बरे नाही. तोवर दोन कामे उरकून ठेवा: निदान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा करा, आणि उतरवलेल्या आयएसओचा ठसा वहीत शाईने लिहा, चार-चारच्या सोळा गटांत.